पोळलेली जीभ

बापू माने दुकानाची पायरी चढले ते हातात चहाची किटली घेऊनच. चहाच्या दुकानात बाहेरून चहा घेऊन येणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

"अप्पा, राग मानू नका," ते म्हणाले, "पण जरा पिऊन बघा. आत्ता भट्टीवरनं उतरवून आणलाय."

बापूंचं एस.टी. स्टँडसमोर हॉटेल होतं आणि त्यांच्या वडिलांपासून चहा आमच्याकडचा. अप्पा म्हणजे माझे वडील, गुरुपाद शेटे. तासगावात आणि आसपासच्या गावांत सुटा चहा म्हटलं की लोक आमच्याच दुकानात यायचे. आसामची जाड पत्ती, निलगिरी, दार्जिलिंग, कांगडा, हॉटेलवाल्यांसाठी काळी भुकटी, असा पेट्यांतून चहा मागवायचा, चाखायचा आणि चार-पाच जातींचं मिश्रण करून पुडे बांधायचे, हा आमचा धंदा. मिश्रण चालायचं अप्पांच्या जिभेवर. काट्याचं काम त्याच्यानंतर.

अप्पांनी बशीत ओतून एक भुरका मारला. "चांगला आहे की."

"कडू लागतोय हो. महिना झाला, गिऱ्हाईक वरनं साखर मागतंय. आधी कुणी मागत नव्हतं."

"मग गवळी बदल. दुधात पाणी घालत असेल."

बापू बिचारे भिडस्त माणूस. वडीलधाऱ्याशी वाद कसा घालायचा म्हणून किटली तिथंच ठेवून निघून गेले. मी उरलेला चहा ओतून घेतला आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडं झालं. भुकटी इतकी घातली होती की जीभ आतून ओढली जावी.

"अप्पा, हा चहा कडूजहर आहे."

"तुझंच तोंड कडू असेल. सकाळपासून कुणाशी भांडली नाहीस वाटतं आज."

आमचं असंच चालायचं. मी सासरहून परत आले त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्या माणसाबरोबर मी राहू शकले नाही, एवढंच. अप्पांनी एका शब्दानं विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी गल्ल्याशेजारी माझ्यासाठी खुर्ची टाकली. तेव्हापासून आम्ही दोघं दिवसभर दुकानात आणि दिवसभर तोंडाला तोंड. गिऱ्हाइकांना गंमत वाटायची.

पण त्या दिवशी मला भांडायचा उत्साह राहिला नाही. कारण बापूंनी जे चहाबद्दल सांगितलं, ते मी घरात ताटावर बघत होते. अप्पा भाकरी दुधात कुस्करून खायला लागले होते. शेंगदाण्याच्या चटणीशिवाय ज्यांचा घास उतरत नव्हता ते चटणीचं भांडं लांब सरकवायचे. आणि चावायचे ते फक्त उजव्या बाजूनं.

"पोळलंय," असं घरात सगळेच म्हणायचे. अप्पा म्हणायचे, अव्वा म्हणजे माझी आई म्हणायची, मीही म्हणायची. आमच्या घरात तो रोजचाच शब्द होता. चहा चाखायचा तर कढतच चाखायचा. चमचाभर चहा मोठ्यानं आत ओढायचा, तोंडभर फिरवायचा आणि तस्तात थुंकायचा. थंड झाला की त्याचे दोष झाकले जातात. त्यामुळे अप्पांची जीभ वर्षातून दहा वेळा पोळायची, अव्वा रात्री तूप लावायची, फारच झालं तर शंखजिऱ्याची पूड लावायची, आणि आठवड्यात माणूस परत कामाला. दुसऱ्या कुणाचं तोंड दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आलं असतं, तर अव्वानंच त्याला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. नवऱ्याचं मात्र पोळलेलं होतं.

मी एकदा त्यांना उजेडात नेऊन आ करायला लावलं. जिभेच्या डाव्या कडेला, मध्यावर खड्डा होता, भोवती पांढरट कड, आणि बोट लावल्यावर ती जागा घट्ट लागली. पोळलेली जागा घट्ट नसते. एवढं मलाही कळत होतं.

"मिरजेला जाऊन दाखवू या."

"काय दाखवू? पोळलेली जीभ? हसतील ते." मग म्हणाले, "तुझ्या मनात जे आहे ना, ते तंबाखूवाल्यांना होतं. मी आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात घातलेलं नाही."

ते खरंच होतं. चाखणाऱ्यानं तोंड देवघरासारखं ठेवायचं, असं त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. पान नाही, तंबाखू नाही, सकाळच्या जेवणात कच्चा कांदा नाही. तेवढ्या भरवशावर ते निर्धास्त होते.

आणि अव्वा तर मिरजेचं नाव काढू देत नव्हती. तिच्या थोरल्या भावाच्या जबड्यात गाठ झाली होती. त्याला नेलं, कापलं, आणि दोन महिन्यांत तो गेला. "चाकू लागला की पसरतं," ती म्हणायची. "आहे ते बरं आहे. मी लावतेय ना सकाळ-संध्याकाळ." शंखजिऱ्याची डबी देवळीतच असायची. बोटावर पांढरी भुकटी घेऊन ती अप्पांपुढे उभी राहायची आणि अप्पा लहान मुलासारखी जीभ बाहेर काढायचे.

बापू किटली ठेवून गेले त्याच संध्याकाळी मी ठरवलं की आता गोडीगुलाबीनं चालणार नाही. जेवताना विषय काढला.

"अप्पा, तुम्हाला चहाची चव कळत नाही."

त्यांनी मान वर केली. असं त्यांना कुणी कधी बोललं नव्हतं. अव्वा म्हणाली, "रत्ने, जेवू दे त्यांना."

"कळत असेल तर दाखवा. मी आत चहा करून आणते, कुठला ते सांगणार नाही. तुम्ही ओळखायचा. एक जरी चुकला तर उद्या पहिल्या गाडीनं मिरज."

"आणि नाही चुकलो तर?"

"तर परत मिरजेचं नाव काढणार नाही."

"तू आणि नाव काढणार नाहीस," ते एका बाजूनं हसले. "बरं. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा मांड."

त्यांना मोह आवरला नसता हे मला ठाऊक होतं. चाखायला बस म्हटल्यावर तो माणूस ज्वरातही उठून बसला असता.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. पाच पांढरे चिनी मातीचे वाडगे धुऊन घेतले. प्रत्येकात जुन्या पावलीच्या भाराची पत्ती, वर खळखळतं पाणी, वर झाकण. दूध नाही, साखर नाही. चहा उतरला की गाळून दुसऱ्या वाडग्यात, आणि ओली पत्ती झाकणावर उलटी काढून शेजारी ठेवायची, असा रिवाज. ओली पत्ती मी मुद्दाम ठेवणार नव्हते. तिच्याकडे बघूनच त्यांनी सांगितलं असतं.

पहिलं झाकण काढलं आणि वाफ तोंडावर आली. आसाम. मला चाखावंही लागलं नाही. दुसरं काढलं, दार्जिलिंग. त्याचा वास तर शेजारच्या घरात जातो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा सगळा खेळ फुकट आहे. त्यांचं नाक शाबूत होतं. अप्पा वाडग्यावर वाकले की संपलं, पाचही जाती ते नाकानंच सांगतील. मी शब्दात अडकेन आणि ते आणखी सहा महिने शंखजिरं लावत बसतील.

मी तशीच उभी राहिले. चहा निवत होता. समोर फळीवर मिठाची बरणी होती. मिठाला वास नसतो.

निलगिरीच्या वाडग्यात मी दोन चमचे मीठ घालून ढवळलं. थेंबभर जिभेवर घेतला आणि मोरीत थुंकले. कुणालाही ओकारी आली असती.

बाहेर सोप्यात अप्पा पाटावर बसले होते, पुढ्यात तस्त, हातात त्यांचा चमचा. चूळ भरून झाली होती. अव्वा उंबऱ्याला टेकून मेथी निवडत होती, पण तिचं लक्ष मेथीत नव्हतं. मी वाडगे ओळीनं मांडले.

अप्पा पहिल्यावर वाकले, हुंगलं, चमचा भरला आणि तो ओळखीचा भुरका. तोंडात फिरवला, थुंकला. "आसाम. पावसाळ्यातला माल, रंग आहे पण अंगात जोर नाही. हा मी घेणार नव्हतो, तूच घे म्हणालीस."

दुसरा. "दार्जिलिंग. हे काय विचारायचं?"

तिसऱ्यावर ते वाकले. हुंगलं, चमचा भरला, ओढला. गाल थोडे हलले, डोळे किंचित मिटले, मग त्यांनी सावकाश तस्तात थुंकलं. चेहऱ्यावर काही नाही.

"निलगिरी," ते म्हणाले. "थंडीतला आहे. स्वच्छ, गोडसर. याच्या दोन पेट्या मागवू या. बापूच्या मिश्रणात घातला की त्याची तक्रार मिटेल."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? चौथा आण इकडे."

चौथा कांगडा, पाचवा भुकटी. दोन्ही बरोबर. त्यांनी चमचा पुसून ठेवला आणि अव्वाकडे बघितलं. अव्वाच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की मला बघवेना.

"झालं?" अप्पा म्हणाले. "आता नाव काढायचं नाही हं. शब्द दिलायस."

आपल्या माणसाला असं काही सांगायचं कसं, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. मी तिसरा वाडगा उचलला आणि अव्वापुढे धरला.

"अव्वा, एक घोट घे."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"घे तर."

तिनं घोट घेतला आणि तिथंच निवडलेल्या मेथीवर थुंकला. "अगं बाई. मीठ आहे यात."

अप्पांनी हात पुढे केला. मी वाडगा दिला. त्यांनी परत चमचा भरून तोंडात घेतला, या वेळी बराच वेळ ठेवला, इकडून तिकडे फिरवला. काहीतरी सापडेल म्हणून शोधत असल्यासारखे. मग थुंकलं.

"किती घातलंस?"

"दोन चमचे."

"दोन चमचे," ते म्हणाले, आणि वाडग्यात बघत राहिले.

मला एकच गोष्ट कळत नव्हती. ती मी विचारली, विचारायला नको होती. "चव नाही कळली, समजलं. पण अप्पा, जखम आहे तिथं. मीठ झोंबलंसुद्धा नाही?"

"झोंबलं की."

"मग बोलला का नाहीत?"

"सगळंच झोंबतं गं, रत्ना. आधीचे दोन्ही झोंबले. साधं पाणी झोंबतं. दिवाळीपासनं प्रत्येक घोट तसाच जातोय. त्यात मिठाचा कुठला, ते मला कसं कळणार?"

हे त्यांनी चहाचा भाव सांगावा तसं सांगितलं. दिवसाला तीस-चाळीस वाडगे चाखायचे ते. माझ्या शेजारी बसून, माझ्याशी भांडत, गिऱ्हाइकांना हसवत. आणि प्रत्येक भुरक्याला तोंडात आग. मला रडू यायच्या आधी राग आला.

"इतके दिवस मुकाट सोसलंत? कुणासाठी?"

"सांगितलं असतं तर चाखणं बंद केलं असतंत. मग दुकानात बसून काय माशा मारू?"

अव्वा उठली. मला वाटलं ती अप्पांकडे जाईल, पण ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पोळलेल्या तोंडात मीठ घातलंस तू? बापाच्या?"

"अव्वा, ते पोळलेलं नाही."

"दोन चमचे," ती म्हणाली, आणि तूप आणायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आम्ही तिघं मिरजेला गेलो. अप्पांनी हूं की चूं केलं नाही. पैज हरल्यावर कुरकुर करायची नाही, हा त्यांचा बाणा. डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी जीभ बघितली, बोट फिरवलं, मग बराच वेळ गळा चाचपला.

"तंबाखू?"

"नाही."

"सुपारी, मिश्री, विडी?"

"काही नाही."

"मग इतके महिने घरी काय समजत होता?"

"पोळलंय म्हणून," अव्वा म्हणाली.

"कशानं?"

"चहानं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी धंदा सांगितला. त्यांनी मान हलवली, आणि मग एक तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याचा निकाल आला त्या दिवशी त्यांनी आम्हाला समोर बसवून सगळं स्पष्ट सांगितलं. गळ्यात गाठी उतरल्या होत्या. जीभ जवळजवळ सगळी काढावी लागणार होती, गळ्याचीही एक बाजू उघडावी लागणार होती. नाही काढली तर काही महिने. काढली तरी खात्री नाही.

"दिवाळीच्या सुमाराला आला असतात," ते म्हणाले, "तर कडेचा थोडा भाग काढून भागलं असतं. बोलणं राहिलं असतं, खाणंही."

ते अप्पांना उद्देशून बोलत होते, पण मी अव्वाकडे बघत होते. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. ऐकलं होतं तिनं. शब्द न् शब्द ऐकला होता.

अप्पा म्हणाले, "काढा."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते खूप बोलले. शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी, नर्सबाईंशी, अव्वाशी तर लग्नातल्या मानपानापासूनचं सगळं. मला म्हणाले, "मिश्रण आता तूच करायचंस. लसूण सोड, निदान दुपारपर्यंत तरी. तुझ्या तोंडाला लसणाचा वास येतो म्हणून मी तुला कधी चाखायला बसवलं नाही."

"खोटं बोलताय. तुम्हाला स्वतःलाच चमचा सोडवत नव्हता."

"ते पण आहे," ते म्हणाले.

सकाळी त्यांना आत नेलं. बाहेर आले ते अप्पाच होते, पण बोलणारे नव्हते. नाकातून नळी, गळ्याला टाके. पुढे घरी आल्यावर दुकानात यायला लागले, गल्ल्याशेजारी बसायचे, कोरडी पत्ती मुठीत घेऊन हुंगायचे आणि नको असेल तर हातानं बाजूला सारायचे. मी सवयीनं काहीतरी टोचून बोलायची आणि उत्तराची वाट बघायची. भांडण एकटीनं करणं किती अवघड असतं, ते मला त्या महिन्यांत समजलं. श्रावणात गळ्याच्या दुसऱ्या बाजूला गाठ वर आली. नवरात्र बसायच्या आधी अप्पा गेले.

आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. स्वामींनी विधी केले, माती झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून भेटायला लोक यायला लागले. अव्वा सोप्यात बसायची, मी आत चहा करत असायची. तिथून मला तिचा आवाज आला.

"पोळलंच होतं हो त्यांचं," ती कुणाला तरी सांगत होती. "मी लावत होते औषध, बरंही होत आलं होतं. पोरीनं मीठ घातलं. दोन चमचे. मिठानं चिघळलं ते, मग आवरलंच नाही."

माझ्या डोक्यात तिडीक उठली. मी पातेलं खाली ठेवलं आणि तरातरा बाहेर आले. डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलं नाहीस का, असं चारचौघांत विचारणार होते. जिभेवर आलेलं होतं. अव्वानं वर बघितलं नाही. ती उजव्या हाताचं बोट पदराला पुसत होती. बोटाला काही लागलेलं नव्हतं. तरी ती ते पुसत होती, थांबत होती, परत पुसत होती. रोज सकाळ-संध्याकाळ शंखजिरं लावायचं तेच बोट.

मी आलेल्या माणसांना म्हटलं, "चहा आणते," आणि आत गेले.

त्यानंतर ती सगळ्यांना तेच सांगत राहिली. नातेवाइकांना, शेजारणींना, येणाऱ्या-जाणाऱ्यांना. माझ्या हातचं मीठ तिनं पुन्हा पानात वाढून घेतलं नाही. मी अळणी भाजी करायची आणि ती आपल्यापुरतं स्वतःच्या हातानं घालून घ्यायची. एक मावशी तर माझ्याशी बोलायचीच बंद झाली. बापू मान्यांनी एकदा दुकानात दबक्या आवाजात विचारलं, "ताई, लोक बोलतात ते खरं का ओ? मीठ घातलंतं?"

"घातलं होतं," मी म्हटलं, आणि त्यांचा पुडा बांधून दिला.

वर्षं गेली. चहा मी चाखते, मीच मिश्रण करते, आणि बापूंचा मुलगा आता साखरेची तक्रार करत नाही. जीभ पोळली की मी थांबते, आठवड्यात बरी नाही झाली तर मिरज गाठते. तिथले डॉक्टर आता म्हातारे झालेत, मला बघून हसतात. मी हसत नाही.

अव्वा गेल्या वर्षी गेली, म्हणून हे आज सांगते आहे. शेवटचा महिना अंथरुणातच होती. मी तिचं सगळं करायची, आणि ती करून घ्यायची, बोलायची फारसं नाही. एका दुपारी मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता.

"रत्ने."

"काय गं?"

"मिठानंच गेले ना गं ते?"

इतकी वर्षं ती हे सगळ्यांना सांगत आली होती. विचारत होती ती पहिल्यांदाच. डोळे माझ्या तोंडावर लावून ती वाट बघत होती, आणि मनगट सोडत नव्हती.

"हो अव्वा," मी म्हटलं. "मिठानंच."

तिनं हात सोडला. मी राहिलेले केस विंचरले आणि वेणी घातली.